शहर सोडण्याचं कारण

2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली, सोलापूर जिल्ह्याची 12 टक्क्यांनी आणि सोलापूर शहराची फक्त 9 टक्क्यांनी. 8 लाख 72 हजारांचं शहर दशकभरात 9 लाख 51 हजारांपर्यंत पोहोचलं, एवढंच. मोठं शहर आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं ओढून घेतं हा सर्वसाधारण अनुभव. इथे जिल्ह्याचं मुख्य ठिकाणच जिल्ह्याच्या मागे पडलं. हद्दवाढ 1992 सालीच झाली होती, त्यामुळे उपनगरं हद्दीबाहेर राहिली म्हणून आकडा लहान दिसतो असं म्हणायलाही फारशी जागा नाही. जन्मदर उतरला हे खरं, पण तो राज्यभर उतरला होता. त्याच दशकात पुणे महापालिकेची लोकसंख्या 25 लाखांवरून 31 लाखांवर गेली आणि पिंपरी-चिंचवडची 10 लाखांवरून 17 लाखांच्या पुढे. तिथली सगळी भर काही सोलापूरची नव्हे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून आलेल्यांची त्यात मोठी संख्या आहे. तरीही सोलापूरची माणसं कुठे गेली, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आणि हा हिशेबही जुना झाला. 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. म्हणजे मधल्या सोळा वर्षांत किती घरांना कायमची कुलपं लागली, कोणत्या वयाची, कोणत्या पेठेतली, काय शिकलेली माणसं निघून गेली, याची एकत्र नोंद कुठेही नाही.

माणसं शहर सोडतात याबद्दल माझी तक्रार नाही. पोट, शिक्षण, लग्न, आजारपण, मोकळेपणाची ओढ, यांतलं कोणतंही कारण शहर सोडायला पुरेसं आहे आणि त्याचा जाब विचारण्याचा अधिकार कुणाला नाही. तक्रार आहे ती जाण्याच्या रीतीबद्दल. सोलापूर, लातूर, अमरावती, जळगाव अशा शहरांतून निघणारा माणूस शेजाऱ्यांचा निरोप घेतो, मित्रांचा घेतो, देवळात जाऊन येतो. शहराचा निरोप मात्र घेत नाही. शहर म्हणजे इथे त्याची महापालिका, त्याचं वाचनालय, ज्या सोसायटीचे आपण सभासद होतो ती सोसायटी, ज्या शाळेच्या समितीवर आपलं नाव होतं ती शाळा. त्यांच्यापैकी कुणालाही तो सांगत नाही की मी चाललो आहे आणि अमुक कारणासाठी चाललो आहे. आपल्या माणसांबद्दलची सर्वांत मोलाची माहिती अशा रीतीने शहराच्या हाती कधीच लागत नाही. माझ्या मते छोट्या शहराचा निरोप घेणं ही नागरिक म्हणून तिथली आपली शेवटची जबाबदारी आहे. कारण उघडपणे सांगणं, हातातलं काम दुसऱ्याच्या हाती देणं, मतदार यादीतलं नाव हलवणं आणि नव्या जागी गेल्यावर जुन्या शहराशी उरलेल्या व्यवहाराचं भान ठेवणं, एवढं सगळं त्यात येतं.

सोलापूरने याआधीही माणसं जाताना पाहिली आहेत, पण ते जाणं मुकं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली जुनी गिरणी 1963 साली बंद पडली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूचा भोंगा थांबला. हजारो घरांचा आधार एका दिवसात गेला. कुणी यंत्रमागावर लागलं, कुणी हातगाडी टाकली, कुणी गाव सोडलं. पण त्या सोडण्याचं कारण सगळ्या शहराला ठाऊक होतं. बंद पडल्याची तारीख माहीत होती, मालक माहीत होते, कामगारांची देणी किती थकली आहेत याची चर्चा चौकाचौकांत होत होती, संघटना मोर्चे काढत होत्या. येणाऱ्यांची नोंदही अशीच ठळक होती. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांनी मार्कंडेयाचं मंदिर उभं केलं, तेलुगू माध्यमाच्या शाळा काढल्या, नारळी पौर्णिमेचा रथोत्सव सुरू केला. कानडी बोलणारी वस्ती तर पहिल्यापासूनची, तिच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा साऱ्या शहराची झाली. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणारं हे शहर येणाऱ्यांनी घडवलं आणि येताना त्यांनी आपल्या खुणा संस्थांच्या रूपाने ठेवल्या. आज जाणारे काहीच ठेवून जात नाहीत, साधं कारणसुद्धा.

याचं एक कारण आजच्या जाण्याच्या स्वरूपातच आहे. ते टप्प्याटप्प्याने होतं. बारावीनंतर मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला जाते, तेव्हा कुणी म्हणत नाही की तिने सोलापूर सोडलं. जी मुलं इथेच वालचंद इन्स्टिट्यूटमध्ये किंवा 1963 सालापासून चालत आलेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकतात, तीही पदवी हाती पडली की मुलाखतीला हिंजवडीत किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयात जातात. ते जाणंही तात्पुरतं मानलं जातं. मग वाकडला किंवा हडपसरला भाड्याचं घर, लग्न, कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, बाळंतपणासाठी आईचं जाणं, वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोघांचंही तिकडेच राहणं. दहा-बारा वर्षांच्या या साखळीत एकही दिवस असा येत नाही, ज्या दिवशी कुणी म्हणेल की आज आम्ही शहर सोडलं. हुतात्मा एक्सप्रेस चार तासांत पोहोचवते. (ज्या चार हुतात्म्यांचं नाव या गाडीला आहे त्या मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली, हे त्या गाडीने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना आठवत असेल?) संक्रांतीला नंदीध्वज पाहायला लोक येतात, अक्षता सोहळ्याला उभे राहतात, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन परततात. ही ओढ खोटी नाही. पण तिच्यामुळेच प्रत्येकाला वाटत राहतं की आपण अजून इथलेच आहोत, आणि निरोप घ्यायची वेळ पुढे ढकलली जाते ती कायमची.

हे अर्धवट जाणं शहराला किती महाग पडतं, हे समजून घ्यायला अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाची मांडणी उपयोगी पडते. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने असं दाखवलं की कुठलीही संस्था ढासळू लागली की तिच्याशी जोडलेल्या माणसांपुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. त्याचं सुरुवातीचं निरीक्षण नायजेरियातल्या रेल्वेचं होतं. शेंगदाण्याची वाहतूक करणाऱ्या ट्रकांची स्पर्धा समोर असूनही रेल्वे सुधारत नव्हती. स्पर्धेने सुधारणा व्हायला हवी होती, झालं उलटंच. रेल्वेच्या गैरकारभाराने ज्यांचं सर्वाधिक नुकसान होत होतं आणि ज्यांनी सर्वांत मोठ्याने ओरड केली असती, तेच आधी ट्रककडे वळले. उरलेल्यांचा आवाज रेल्वेला जागं करण्याइतका मोठा नव्हता. आता सोलापूरच्या नळाकडे पाहा. सुमारे 117 टीएमसी क्षमतेचं उजनी धरण याच जिल्ह्यात आहे. तिथून सुमारे 110 किलोमीटरच्या जलवाहिनीने शहराला पाणी येतं. तरीही वर्षानुवर्षं शहरात तीन-चार दिवसांआड, कधी पाच दिवसांआड पाणी सुटतं. नळाच्या वेळेवर घरातल्या बाईची नोकरी, झोप आणि पाहुणचार ठरतो. देशातल्या पहिल्या 20 स्मार्ट शहरांत 2016 च्या जानेवारीतच सोलापूरची निवड झाली, पण ज्या घरांनी या पाण्यासाठी महापालिकेला कोर्टात खेचलं असतं, माहितीच्या अधिकारात कागद काढले असते, प्रभागातल्या उमेदवाराला घाम फोडला असता, त्यांतली बरीचशी घरं चोवीस तास पाणी देणाऱ्या सोसायटीची जाहिरात पाहून निघून गेली. त्यांच्या जाण्याने टाकीवरचा ताण थोडा कमी झाला असेल, दबाव मात्र पुष्कळ कमी झाला.

कारण न कळल्याने शहर अंदाजावर चालतं. विमानतळाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी हा सोलापुरात कित्येक वर्षं पेटलेला वाद होता. विमानसेवा नाही म्हणून उद्योग येत नाहीत, उद्योग येत नाहीत म्हणून मुलं थांबत नाहीत, असा एका बाजूचा युक्तिवाद. हजारो ऊस उत्पादक आणि कामगारांच्या पोटाचा प्रश्न आहे, ही दुसऱ्या बाजूची भूमिका. मोर्चे, उपोषणं, कोर्टकचेऱ्या सगळं झालं आणि 15 जून 2023 रोजी चिमणी पाडली गेली. 2025 साली गोव्याची विमानसेवा सुरू झाली. चिमणी पाडणं बरोबर की चूक, हा इथे विषय नाही. माझा मुद्दा इतकाच की मुलं का थांबत नाहीत या प्रश्नावर एवढा मोठा संघर्ष झाला आणि त्यात गेलेल्या मुलांपैकी कुणाचीही साक्ष कधी पद्धतशीरपणे काढली गेली नाही. कदाचित त्यांनी सांगितलं असतं की विमान नसल्याने अडलं. कदाचित सांगितलं असतं की पगार पुण्याच्या निम्मा मिळतो, किंवा पहिल्या नोकरीनंतर दुसरी नोकरी बदलायला शहरात दुसरी कंपनीच नाही, किंवा संध्याकाळी सातनंतर मुलीला बाहेर पडायला सोबत लागते, किंवा आईवडिलांच्या हृदयविकारावर भरवशाचे उपचार कुठे होतील याची चिंता वाटते. या प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आणि खर्चही वेगळा. धावपट्टीने यांतली एखादीच अडचण सुटेल. बाकीच्या अडचणी कुणी मोजल्याच नाहीत, म्हणून त्यांच्यावर कुठला आराखडा नाही आणि तरतूदही नाही.

बोलून काय होतं, कोण ऐकतं, असं जाणारे म्हणतात. हा आक्षेप हलका नाही. मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं सोलापूर महापालिकेत लोकांनी निवडून दिलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकाच्या हाती कारभार होता. राज्यातल्या इतर महापालिकांचीही तीच गत होती. जिथे बोलायची जागाच बंद, तिथे कारण सांगायचं कुणाला? पण याच शहरातला एक पुरावा या निराशेच्या विरुद्ध उभा आहे. सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळतात, त्यांतल्या बहुसंख्य तेलुगू बोलणाऱ्या आहेत. सूप मांडीवर घेऊन, पानं कातरून, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर त्यांनी घरं चालवली. त्यांना वाकडचा फ्लॅट परवडणार नव्हता, म्हणजे निघून जायची वाट त्यांच्यासाठी बंद होती. उरली होती ती आवाजाची. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षं घरांसाठी लढा दिला. त्यातून शहरालगत कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि पुढे असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला, त्यातल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. राज्यात आणि केंद्रात सरकारं बदलत गेली, विचाराने विरुद्ध टोकाची आली, तरी या स्त्रियांनी मागणी सोडली नाही. शहरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या आणि सर्वांत कमी कमावणाऱ्या गटाने ही गोष्ट मिळवली. शिकलेल्या मध्यमवर्गाला पाचव्या दिवसाचं पाणी दुसऱ्या दिवसावर आणता आलं नाही, कारण त्याच्याजवळ नेहमीच स्टेशनची वाट होती. कोण ऐकतं, असं विचारणाऱ्यांनी आधी या बायकांचा हिशेब मांडावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याच्याशी माझं बरंचसं जुळतं. ज्यांना शहराने कधी आपलं म्हटलंच नाही, त्यांनी त्याचा निरोप का घ्यावा? गाव सोडा, शहरात जा, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सल्ला लाखो दलित कुटुंबांच्या आयुष्याला वळण देऊन गेला. गावाच्या मायेच्या गोष्टी सांगणाऱ्यांना गावकुसाबाहेरचं जगणं माहीत नव्हतं. छोट्या शहरात गावाचे गुण असतात तसे दोषही राहतात. आडनाव विचारून भाड्याचं घर नाकारलं जातं. लग्न ठरवताना पेठ, जात आणि पोटजात एकदम समोर येतात. एकट्या राहणाऱ्या स्त्रीचं येणंजाणं चार खिडक्यांतून मोजलं जातं. अशा शहरातून सुटलेल्या माणसाने कृतज्ञतेचं भाषण करावं, अशी अपेक्षा करणं क्रूरपणाचं होईल. पण निरोपाचा अर्थ कृतज्ञता असाच का धरायचा? ज्याला जातीमुळे घर मिळालं नाही, जिला रस्त्यावरच्या त्रासामुळे क्लास सोडावा लागला, त्यांचं कारण शहराला सर्वांत आधी कळायला हवं, कारण शहर तेच ऐकायला सर्वांत नाखूश असतं. हे कारण न सांगता माणूस गेला की मागे राहणाऱ्यांना समजूत करून घ्यायला सोपं जातं: पोरगं हुशार होतं, पुण्याला मोठ्या पगारावर गेलं. पगाराच्या त्या पांघरुणाखाली किती अपमान झाकले गेले असतील, कुणी सांगावं. सगळ्यांनी नाव देऊन बोलावं असं नाही, निनावी बोललं तरी चालेल. पण बोललं गेलं पाहिजे.

आता मतदार यादीतल्या नावाबद्दल. पुण्यात पंधरा वर्षं राहूनही मत सोलापुरात ठेवणारे पुष्कळ आहेत आणि ते प्रेमाने ठेवतात. मतदानाच्या दिवशी गाड्या भरून येतात, त्याचं कौतुकही होतं. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा मात्र स्पष्ट आहे. नाव एकाच ठिकाणी असू शकतं आणि ते तुम्ही सामान्यपणे जिथे राहता तिथे असायला हवं. केवळ घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. कायद्याची बाजू सोडली तरी व्यवहाराची बाजू उरतेच. पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्याचा ज्याला चटका बसत नाही, त्याने त्या पाण्याचा निकाल ठरवावा का? प्रभागातल्या चुरशीच्या लढतीत थोडी मतंही निकाल फिरवतात, आणि ती जर फक्त नात्यागोत्याच्या आग्रहाखातर पडणार असतील तर इथे राहणाऱ्याचा आवाज आणखी क्षीण होतो. नमुना 8 भरून नाव हलवणं हे मला शहराशी केलेलं सर्वांत प्रामाणिक वागणं वाटतं. त्यात तुटण्याचं दुःख आहे, मी ते नाकारत नाही. हीच गोष्ट संस्थांची. नाट्यमंडळ, सहकारी पतसंस्था, जुन्या शाळेचं विश्वस्त मंडळ यांच्या याद्यांत परगावी राहणाऱ्यांची नावं साचत जातात, गणपूर्ती होत नाही, आणि तिशीतला इथला मुलगा जागा रिकामी नाही म्हणून बाहेर उभा राहतो. जाताना राजीनामा दिला तर त्याला जागा होते.

यावर कुणी म्हणेल, मत हलवलं, राजीनामे दिले, मग सोलापूरशी संबंध उरला काय? संबंध उरतो, आणि तो भावनेच्या पलीकडचा आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेत जातं, पिंपरी-चिंचवडचं पवना आणि इंद्रायणीत. या सगळ्या नद्या शेवटी भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत येते. पुण्याच्या शुद्धीकरण केंद्रांची क्षमता वाढत्या वस्तीच्या मागे पडत आली, जपानच्या अर्थसाहाय्याने आखलेला मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प वर्षानुवर्षं रेंगाळला. उजनीचं पाणी हिरवं पडतं, जलपर्णीचे थर तरंगतात, आणि तेच पाणी शुद्ध करून सोलापूर पितं. म्हणजे सोलापूर सोडून वाकडला गेलेलं कुटुंब आपल्याच आईवडिलांच्या नदीच्या वरच्या अंगाला जाऊन बसतं. त्याच्या नव्या सोसायटीचं सांडपाणी प्रकल्पातून नीट शुद्ध होऊन जातं की रात्री तसंच नाल्यात सोडलं जातं, यावर त्याने मागे ठेवलेल्या नळाचा वास ठरतो. म्हणून त्या कुटुंबाचं पुण्यातलं मत सोलापूरसाठी सोलापुरातल्या मतापेक्षा अधिक कामाचं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये स्थायिक झालेले सोलापूरकर स्नेहमेळावे भरवतात, गुणवंतांचे सत्कार करतात, पूर आला की मदत पाठवतात. ते चांगलंच आहे. पण पुण्याच्या महापालिका निवडणुकीत उमेदवाराला उभं करून, आमच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात तुम्ही काय सोडता, हा प्रश्न सोलापूरकरांच्या गटाने एकत्र विचारला, असं चित्र दिसत नाही. तो प्रश्न विचारायला सर्वांत योग्य माणसं तीच आहेत, कारण त्यांना दोन्ही काठ ठाऊक आहेत.

हे सारं जाणाऱ्याच्या एकट्याच्या मनावर सोडून चालणार नाही. शहराने विचारायला हवं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेचा दाखला काढा, त्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. चौथीतल्या पोराची बदली झाली तरी मुख्याध्यापक तो रकाना भरतात. महापालिकेपाशी असे क्षण कितीतरी येतात: मालमत्ता कराच्या बिलाचा पत्ता बदलून परगावचा दिला जातो, नळजोड बंद करण्याचा अर्ज येतो, दुकानाचा परवाना परत केला जातो, महापालिकेच्या शाळेतून दाखला नेला जातो. त्या प्रत्येक अर्जाला एक ऐच्छिक, निनावी पान जोडायला खर्च नाही म्हटलं तरी चालेल. कुठे चाललात, का चाललात, काय असतं तर थांबला असता, एवढे तीन प्रश्न पुरेत. खाजगीपणाचा प्रश्न कुणी काढेल, तर नाव न विचारता ही माहिती घेता येते आणि ज्याला द्यायची नाही त्याने देऊ नये. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला अभ्यासासाठी याहून जवळचा विषय मिळणार नाही. 2004 साली हे विद्यापीठ एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालं, त्यामुळे त्याची पदवी घेऊन जिल्ह्याबाहेर गेलेला प्रत्येक विद्यार्थी त्याच्याच कागदपत्रांतून शोधता येतो. नोकरीला कुठे लागले याची माहिती महाविद्यालयं नॅकच्या मूल्यांकनासाठी गोळा करतातच. ती फायलीतून बाहेर काढून महापालिकेच्या, जिल्हा नियोजन समितीच्या आणि उद्योजकांच्या टेबलावर ठेवायची आहे.

2027 ची जनगणना हे काम करून देईल, अशा आशेवर कुणी राहू नये. स्थलांतराचं कारण जनगणनेत विचारलं जातं, पण ते जिथे माणूस पोहोचला तिथे, आणि उत्तरासाठी काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतरचं स्थलांतर, कुटुंबाबरोबर येणं आणि इतर अशी मोजकी घरं असतात. पाण्याला कंटाळून आलो, जातीमुळे घर मिळालं नाही म्हणून आलो, मुलीला मोकळं फिरता यावं म्हणून आलो, ही सारी उत्तरं ‘इतर’मध्ये जातील किंवा नोकरीच्या घरात विरघळतील. 2011 च्या स्थलांतराचे तपशीलवार तक्ते बाहेर यायलाच कित्येक वर्षं लागली. त्या वाटेने सोलापूरला आपल्या माणसांचं कारण कळायला पुढचं दशक उजाडेल. नव्या सभागृहाने आपल्या पहिल्याच वर्षात ही विचारणा स्वतः सुरू करावी, आणि या जूनमध्ये पुण्याच्या गाडीत बसणाऱ्यांनी, कुणी विचारो वा न विचारो, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला चार ओळींचं पत्र टाकून जावं.